गाल कोणाचा, पाणी कुठलं

शंकाकार : तुझी वही रात्री वाचून काढली. दाढीचे अकरा साबण, सगळे हातानं केलेले, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. फेसाला वेगळे, वासाला वेगळे. मला अडतं ते इथंच. अंगाच्या साबणाला निदान एक आकडा असतो, टीएफएम, म्हणजे वडीत स्निग्धाम्लं किती. ७६ टक्के किंवा वर असेल तर पहिली प्रत. तो आकडा मी तीस वर्षं प्रयोगशाळेत काढला आहे. शिवडीला काढला तरी तोच येतो, कोल्हापूरला काढला तरी तोच. तू गिरगावात दिलेले साडेसात मी लालबागला बसून दिले तर तेवढेच भरतील का? भरत नसतील, तर ते गुण साबणाचे नाहीत, तुझे आहेत.

शौकीन : काका, टीएफएमचा आकडा खरा आहे, पण दाढीला तो पुरत नाही. स्निग्धाम्लं किती ते तो सांगतो, कुठली ते सांगत नाही. नुसत्या खोबरेलाचा साबण चटकन फेसाळतो, पण बुडबुडे मोठे आणि पोकळ. एक गाल होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस बसतो आणि कातडी ताणल्यासारखी वाटते. स्टिअरिक जास्त असेल तर फेस उशिरा येतो, पण आला की सायीसारखा दाट, आणि जागचा हलत नाही. थोडं एरंडेल असलं की पातं घसरतं. कॉस्टिक सोड्याच्या जोडीला कॉस्टिक पोटॅश घातलं की वडी मऊ राहते, ब्रशला लवकर सुटते. हे सगळे साबण एकाच टीएफएमचे असू शकतात. म्हणून मी आकडा बाजूला ठेवला आणि गाल पुढं केला. ब्रश भिजवून झटकायचा, वडीवर तीस सेकंद फिरवायचा, मग वाटीत थेंब थेंब पाणी घालत जायचं. फेस चमकायला लागला, पण ओघळत नाही, तिथं थांबायचं. पहिला हात सुलटा, दुसरा उलटा. आणि एक चाचणी मी कधी चुकवत नाही. पहिला हात झाला की फेस न लावता, नुसत्या ओल्या गालावरून पातं पुन्हा एकदा फिरवून बघायचं. तिथं घसरलं तर साबण चांगला. खरखरलं, तर वाटीत फेसाचा डोंगर उभा राहिला होता याला काही अर्थ नाही.

शंकाकार : ओल्या गालाची चाचणी चांगली आहे, ती मी मानतो. पण गाल ओला कशानं केलास? शाळेत आपल्याला दोन शब्द शिकवले होते, सुफेन आणि दुष्फेन. पाण्याचं नाव आपल्या भाषेनं फेसावरूनच ठेवलं. मुंबईचं नळाचं पाणी तलावांचं. १८६० साली विहारचं आलं, १८९२ साली तानसाचं, मग वैतरणा आणि भातसा. पावसाचं साठवलेलं पाणी, सुफेन. म्हणून तुझ्या अकराही साबणांनी फेस दिला. हीच वही घेऊन नगरकडच्या एखाद्या विहिरीवर जा. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्या पाण्यात साबण फुटतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात, वाटीत फेसाऐवजी दह्याच्या चोथ्यासारखे कण जमतात. तिथं तुझा पहिला नंबर कदाचित नववा येईल. आणि लांब कशाला जायचं, आमच्या इमारतीत मे महिन्यात टँकर येतो. त्या पाण्यावर माझी नेहमीची वडी माझीच वाटत नाही.

शौकीन : हे मला ठाऊक आहे, मी सोसलंय. सासुरवाडीला गेलो की पहिल्या दिवशी मी साबणाला दोष देतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला. म्हणून वहीत आता पाण्याचा रकाना आहे. महिन्याचाही हवा, हे मला यंदा जुलैत कळलं. पावसाळ्यात आपल्याकडं वडीला घाम सुटतो, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून घेतं. सकाळी डबा उघडला की वर दवासारखे थेंब. तेव्हा ब्रश जेमतेम ओला करूनही साबण भरभरून येतो. तोच साबण जानेवारीत कोरडा आणि अडेल. मी जानेवारीत सहा दिले होते, जुलैत आठ झाले. पण काका, यावरून गुण देऊच नयेत असं ठरत नाही. कुठल्या पाण्यावर आणि कुठल्या महिन्यात, एवढं सांगून द्यावेत.

शंकाकार : तर मग एक रकाना मीही सुचवतो. पाणी किती लागलं? तू हसू नकोस, मी मनापासून सांगतोय. माझे वडील गिरणीत होते. चाळीच्या गॅलरीत खिळ्याला आरसा टांगलेला, कठड्यावर पितळेची वाटी. नळ सामाईक, पाणी यायचं ठरल्या वेळी, ते पिंपात भरून ठेवायचं. दाढीला अर्धा पेला मिळायचा. त्यात ब्रश भिजवायचा, फेस करायचा, पातं धुवायचं आणि शेवटी तोंडावरून हात फिरवायचा. पहिल्या भोंग्याला वाटी हातात, दुसऱ्या भोंग्याला ते जिन्यात. त्यांच्या लेखी चांगला साबण म्हणजे अर्ध्या पेल्यात फेस देणारा आणि अर्ध्या पेल्यात धुऊन निघणारा. तुझा सायीसारखा फेस गालावरून निघायला किती तांबे पाणी घेतो, हे वहीत कुठंच नाही. तू ज्याला कामगिरी म्हणतोस, ती न्हाणीघरात गरम पाण्याचा नळ आणि हातात मोकळा अर्धा तास असलेल्या माणसाची आहे.

शौकीन : हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. रकाना घालतो. पण याच धाग्यावरून मी तुम्हाला एक साक्षीदार देतो, तुमच्याच वडिलांच्या वाटीशेजारचा. तुरटी. दाढी झाली की ओल्या गालावर तुरटी फिरवायची आणि थांबायचं. जिथं पात्यानं कातडी खरवडली असेल तिथं ती चरचरते, बाकी ठिकाणी गप्प राहते. दाढी छान झाली असं मला वाटत असताना तुरटीनं हनुवटीखाली आग लावली, असं कितीदा तरी झालंय. तिला वास कळत नाही, डब्यावरचं चित्र दिसत नाही, किंमत माहीत नसते.

शंकाकार : तुरटी खोटं बोलत नाही, पण ती हाताबद्दल बोलते. पातं तिसऱ्या दाढीचं असेल, तू हात दाबला असशील, रात्री झोप झाली नसेल, तर आग होणारच. त्यात साबणाचा वाटा किती, हे तुरटी वेगळं काढून देत नाही. नाक्यावरचा सलूनवाला बघ. एड्सची भीती आली तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं पातं. वेष्टनातच मोडून अर्धं करायचं, वस्तऱ्यात अडकवायचं, काम झालं की टाकायचं. पातं रोज सारखं, हात सारखा, बदलतो फक्त गाल. साबणाचा खरा निवाडा करू शकेल असा माणूस तोच. आणि त्यानं वडी केव्हाच सोडली. त्याच्या फळीवर ट्यूब आहे. तिचा फेस गिऱ्हाईक बसल्यापासून अर्ध्या मिनिटात येतो आणि एकाची वाटी दुसऱ्याच्या तोंडाला लागत नाही.

शौकीन : तो सोय निवडतो, आणि ते बरोबरच आहे. पण म्हणून त्याचा निवाडा माझ्या गालाला लागू होत नाही. त्याला दिवसात अनेक गाल उरकायचे असतात, मला एकच, आणि तो उद्याही माझाच असतो. आता वासाकडं या. तुम्ही सुरुवात तिथूनच केली आणि मग पाण्यात उतरलात.

शंकाकार : उतरलो, कारण पाणी मोजता येतं. वासापाशी आमच्या प्रयोगशाळेत चार माणसं बोलावायचो, चिठ्ठ्या भरून घ्यायचो, आणि चार चिठ्ठ्या चार दिशांना जायच्या. नाकाचा धर्मच असा आहे की काही मिनिटांत ते सवयीनं गप्प होतं. तुझ्या वहीत "वास दाढी संपेपर्यंत टिकत नाही" असं तीनदा आलंय. तो टिकत नव्हता की तुझं नाक थकलं होतं? बाथरूमबाहेर जाऊन, मोकळी हवा घेऊन परत आलास का?

शौकीन : नाही आलो. पुढं येईन. पण वास एकच आहे असं धरून आपण भांडतोय, ते तसं नाही. एका साबणाला तीन वास असतात. डब्यातला, फेसातला आणि धुतल्यावर गालावर उरलेला. साबण अल्कधर्मी असतो, त्यात सगळंच अत्तर तग धरत नाही. लिंबूवर्गीय वास आधी उडतात. व्हॅनिला असेल तर वडी महिन्याभरात तपकिरी पडते. डब्यात नाक घालून जो वाळा मला थंडगार लागला, तो कोमट फेसात मातकट झाला, आणि गालावर अर्ध्या तासानं नुसती ओल्या लाकडाची आठवण राहिली. दुकानात उभं राहून निवडणाऱ्याला फक्त पहिला वास कळतो. माझ्या वहीचा उपयोग असेल तर इथं आहे. उरलेले दोन वास मी पैसे आणि सकाळ खर्चून लिहून ठेवलेत.

शंकाकार : लिहून ठेवलेस, पण कुठल्या शब्दांत? "अस्सल मोगरा" असं चौथ्या पानावर आहे.

शौकीन : त्या शब्दासाठी मी दादरला गेलो होतो. फूलबाजारातून संध्याकाळी मोगऱ्याच्या मिटल्या कळ्या आणल्या आणि साबणाशेजारी बशीत ठेवल्या. सातला हिरवट, काकडीच्या देठासारखा वास. दहाला फुलं उमलली आणि खोली भरली. पहाटे त्याच फुलांना एक जडपणा आला, गोड आणि किंचित कुजका. मोगऱ्यात इंडोल नावाचं द्रव्य असतं, तो जडपणा त्याचा. साबण रात्री दहाच्या मोगऱ्याशी जुळत होता, सकाळच्या मोगऱ्याशी अजिबात नाही. मी दाढी सकाळी करतो. तेव्हा "अस्सल" खोडून मी "रात्री दहाचा मोगरा" लिहिलं. तुम्ही जुनं पान वाचलंत.

शंकाकार : हे मला आवडलं. यात तुझी आवड नाही, निरीक्षण आहे. पण असे किती शब्द तुझ्यापाशी आहेत? परदेशी साबणांवर "न्हाव्याच्या दुकानाचा वास" म्हणून एक जात असते. लव्हेंडर, टोंका बियांतलं कूमरिन, झाडावरचं दगडफूल. १८८२ साली पॅरिसच्या उबिगाँ घराण्यानं फुजेर रोयाल नावाचं अत्तर काढलं, त्याची ही वंशावळ. त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या न्हाव्याकडं तसा वास आला, म्हणून त्यांना तो स्वच्छ वाटतो. माझ्या न्हाव्याच्या दुकानाचा वास म्हणजे ओला पंचा, डेटॉल, टाल्कम पावडर आणि रेडिओमागच्या गरम झालेल्या लाकडाचा. तू त्या परदेशी वासाला आठ दिलेस. ते कुणाच्या आठवणीचे? दिवाळीच्या साबणाचा वास चांगला असं आपण म्हणतो, तेव्हा आपण साबणाबद्दल बोलत नसतो, पहाटेबद्दल बोलत असतो. आणि चंदनाचं तर विचारूच नकोस. चंदनाचं तेल किलोला लाखाच्या वर. साबणात अत्तर दोन टक्के धरलं तरी शंभर ग्रॅमच्या डब्यात दोन ग्रॅम, म्हणजे दोनशे रुपयांच्या वर नुसतं तेल. साडेतीनशेच्या डब्यावर "शुद्ध चंदन" असेल तर हिशेब कर. प्रिन्सेस स्ट्रीटला बाटलीत मिळणारं कृत्रिम चंदन वेगळं असतं.

शौकीन : हिशेब मी केला, आणि त्या डब्याला वासाचे गुण चांगलेच दिले. बाटलीतलं चंदनही सुंदर असू शकतं, फक्त डब्यावर "शुद्ध" लिहू नये. तो दोष अक्षरांचा आहे, वासाचा नाही. पण आठवणीचं तुम्ही म्हणालात त्यावर मला एक कबुली द्यायची आहे, तुम्ही ती माझ्याविरुद्ध वापराल तरी. ऑगस्टमध्ये मला आठवडाभर सर्दी होती. नाक पूर्ण बंद. वाळ्याचा तो साबण, माझा सगळ्यात आवडता, फेसाला साडेआठ दिलेला, त्या आठवड्यात साधा वाटला. मग मी बायकोला दोन वाट्यांत फेस काढून द्यायला सांगितलं, कुठला कुठला ते न सांगता. डाव्या गालावर एक, उजव्यावर दुसरा, दुसऱ्या दिवशी उलट. चार दिवस. वाळ्याचा आणि शेजारच्या वाण्याकडच्या गोल वडीचा मला फरक सांगता आला नाही. फेसाला दिलेले निम्मे गुण नाकानं दिले होते.

शंकाकार : म्हणजे वही संपली. यापुढं नाक बंद करून फेसाचे गुण द्यायचे, आणि वासाचे द्यायचेच नाहीत.

शौकीन : मी तसंच ठरवलं होतं. पण सर्दी बरी झाली आणि दुसरी गोष्ट दिसली. वाळ्याच्या साबणाबरोबर माझा हात संथ होतो. मी पातं दाबत नाही, हनुवटीखाली घाई करत नाही, उलट्या हाताआधी फेस पुन्हा नीट लावतो. सर्दीत मी घाईत होतो. त्या आठवड्यात दोनदा कापलं. तुरटीसुद्धा सर्दीतच जास्त चरचरली. आता मला सांगा, वास माझ्या हाताला संथ करत असेल आणि त्यामुळं दाढी खरोखर चांगली होत असेल, तर वास हा कामगिरीतला भेसळीचा भाग आहे की कामगिरीचाच भाग? तुम्ही साबण मोजता तेव्हा हात काढून टाकता. पण दाढी हात करतो.

शंकाकार : (थोडं थांबून) हा प्रश्न मला प्रयोगशाळेत कुणी विचारला नव्हता. तरी अडचण हटत नाही. तुझा हात वाळ्यानं संथ होतो. माझ्यासारख्याला वाळ्याच्या वासानं उन्हाळ्यातली गावाकडची पाण्याची रांग आठवत असेल, तर माझा हात घाई करेल. मग वहीत काय लिहिशील? "या साबणानं हात संथ होतो" असं लिहिलंस तर ते माझ्यापुरतं खोटं. "माझा हात संथ होतो" असं लिहिलंस तर साबण विकत घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग?

शौकीन : लालबागला तुम्ही मसाला कुटून आणता. कुणाचा तिखट, कुणाचा काळा. तुमच्या घरचा मसाला मला झेपत नाही, तरी तुम्ही "या वर्षी मिरची नीट भाजली गेली नाही" म्हणालात की मी विश्वास ठेवतो. का? कारण तुमची जीभ मला ओळखीची आहे. गुणाच्या आकड्यावर माझा विश्वास नसतो, माणसाच्या जिभेवर असतो. साबणाचंही तसं व्हायला काय हरकत आहे? चार जणांच्या वह्या वाचा, कुणाचं नाक तुमच्यासारखं ते ओळखा, त्याच्या मागं जा.

शंकाकार : बरं. मग ज्या गोष्टीवर आपल्या दोघांची घरं सारखी आहेत तिथं तुला पकडतो. जगात या साबणांचे जाणकार गुरांच्या चरबीच्या साबणाला वरचा मान देतात. चरबीत स्टिअरिक आणि पामिटिक असतं, फेस दाट आणि निसरडा येतो, रसायनशास्त्रानं ते खरं आहे. आणि इथं, माझ्या लालबागला, १८९७ साली कुलपं करायला लागलेल्या अर्देशीर गोदरेजांनी १९१८ साली वनस्पती तेलाचा, चरबी नसलेला साबण काढला, "चावी" नावाचा. त्या वेळी साबण म्हटलं की चरबी आलीच असं धरून चालत. लोकांनी तो घेतला, तो फेस मोजून नव्हे. चरबी तोंडाला लागणार नाही म्हणून घेतला. पुढं १९८३ मध्ये वनस्पती तुपात गुरांची चरबी निघाली तेव्हा देश किती ढवळला, ते मी पाहिलंय. आता सांग. डोळे बांधून, नाक बंद करून, तुरटीसह सगळ्या चाचण्यांत चरबीचा साबण पहिला आला, तर तू त्याला पहिला लिहिशील?

(लिहिणाऱ्यानं मध्ये बोलू नये, तरी बोलतो. शौकिनानं या प्रश्नाला तत्काळ उत्तर दिलं असतं, तर त्याच्या वहीवरचा माझा विश्वास कमी झाला असता. तो बराच वेळ ब्रशची मूठ फिरवत राहिला.)

शौकीन : लिहीन. पहिला लिहीन. पण आमच्या न्हाणीघरात तो ठेवणार नाही. आई आहे, देवघर भिंतीपलीकडं आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही नको.

शंकाकार : मग पहिला कशाचा? जो साबण तू स्वतःच्या गालाला लावणार नाहीस, त्याला दहा आणि जो रोज लावतोस त्याला आठ. वाचणाऱ्यानं तुझा आकडा धरायचा की तुझा गाल?

शौकीन : दोन्ही लिहिले तर? "फेसाला दहा. घरात ठेवत नाही." आकडा खोटा करायचा नाही, आणि गाल लपवायचा नाही. माझ्या मनात मात्र याहून अवघड एक गाठ आहे. अकरापैकी चार साबण एकाच बाईंचे आहेत. घरच्या स्वयंपाकघरात करतात, एका वेळी वीस डबे. त्यांनी वळणदार अक्षरात तारीख घालून डबा दिला, सहाव्या आठवड्यानंतरच उघडा म्हणून सांगितलं. त्यांचा तिसरा साबण फुटका फेस देतो. मी त्याला सहा दिले. चार द्यायला हवे होते. कारखान्याच्या वडीला मी चार देताना क्षणभरही थांबलो नसतो.

शंकाकार : तू सहा दिलेस म्हणून पुढचा माणूस तो डबा घेईल, त्याचा गाल सोलेल, आणि तो हातानं केलेल्या सगळ्याच साबणांना नावं ठेवेल. बाईंचं नुकसान तू पुढं ढकललंस एवढंच. चार दिले असतेस आणि सोबत त्यांना सांगितलं असतंस की पोटॅश कमी पडलंय, तर पुढच्या वीस डब्यांचं भलं झालं असतं.

शौकीन : किंवा पुढचे वीस डबे झालेच नसते. कारखान्याला चार गुणांनी धक्का लागत नाही, त्यांना लागतो. आणि बाईंच्या हातचा पहिला साबण, तो वाळ्याचाच. तो मला कुठल्याच कारखान्यानं दिला नाही.

शंकाकार : वास तुला आवडला म्हणून हात संथ, हात संथ म्हणून फेस चांगला, आणि बाई चांगल्या म्हणून वास चांगला. साखळीचं पहिलं टोक कुठलं, ते तुला तरी सांगता येईल का?

शौकीन : नाही येणार.

शंकाकार : मग असं करू. तीन वाट्या, झाकलेल्या, तळाला आकडे. तू एक आठवडा गिरगावात, मी एक आठवडा लालबागला, त्यातले दोन दिवस टँकरच्या पाण्यावर. तुरटी दोघांकडं एकाच दुकानातली, पाती एकाच पाकिटातली. वहीत पहिला रकाना "गाल कोणाचा", दुसरा "पाणी कुठलं आणि किती". "साबण कोणाच्या हातचा" हा रकाना शेवटी, तळाचा आकडा उघडल्यावर भरायचा.

शौकीन : तळाचा आकडा तुमच्यासाठी झाकलेला राहील, काका. त्या बाईंचा वाळा मला झाकणावरूनच ओळखू येतो. तो रकाना माझ्या हातून आधीच भरलेला असेल.

शंकाकार : तर तसंच लिही. "आधीच भरलेला." आणि तरी दाढी कर.